आकडा आणि त्याचा काळ : ‘कॉइनगेको’च्या दस्तऐवजीकरणाची चिकित्सा

तांत्रिक दस्तऐवजीकरणाचा वाचक आजवर मनुष्य होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ प्रसिद्ध झाल्यानंतर एआय एजंट हा त्याचा नवा वाचक ठरला. २०१४ पासून आभासी चलनांची बाजारमाहिती पुरविणाऱ्या ‘कॉइनगेको’चे दस्तऐवजीकरण या दृष्टीने तपासणे उद्बोधक ठरते.

एकच संक्षिप्त चिन्ह अनेक चलने वापरतात. म्हणून प्रत्येक चलनास स्वतंत्र ओळखनाम देण्याची त्याची पद्धत स्तुत्य आहे. तथापि किंमत विचारण्याच्या साध्या विनंतीत अखेरच्या अद्यतनाची वेळ ऐच्छिक ठेवली आहे. मागितल्याशिवाय ती मिळत नाही. परिणामी आकडा हाती येतो, त्याचा काळ येत नाही.

ही उणीव किरकोळ नव्हे. ८ जानेवारी २०१८ रोजी ‘कॉइनमार्केटकॅप’ने दक्षिण कोरियातील काही विनिमय केंद्रे पूर्वसूचनेविना सरासरीतून वगळली आणि दर्शविलेल्या किमती एकाएकी घसरल्या. त्या वेळी माणसांनी कारण शोधले. वर्णनात नसलेली शंका एजंटला सुचेलच असे नाही, आणि त्याच्या निर्णयामागे कोणाची तरी बचत असते. म्हणून आकड्याचा काळ, उगम व गणनपद्धती यांचा उल्लेख अनिवार्य मानावयास हवा. सुबोधतेचा निकष त्यानंतरचा होय.