चार अब्जांवरची एक संख्या

4,29,49,67,297. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. नुसती वाचली तर या संख्येत काहीच डोळ्यांत भरत नाही. 2³² + 1 अशी मांडली की तिचं कूळ कळतं.

3, 5, 17, 257, 65537 ही तिची थोरली भावंडं. दोनाचा घात दर वेळी दुप्पट करायचा आणि त्यात एक मिळवायचा, की पुढची संख्या तयार. ही पाचही मूळ संख्या आहेत. म्हणून पुढच्या साऱ्या संख्याही मूळच असणार, असं सतराव्या शतकात फर्माला वाटलं. 1729 मध्ये गोल्डबाखने पत्रातून ऑयलरचं लक्ष तिकडे वेधलं, आणि 1732 मध्ये ऑयलरने दाखवून दिलं, की सहावी संख्या 641 × 6700417 आहे.

पण 641 च का? आधीच्या पाच संख्यांचा गुणाकार करून बघा: 4294967295. आपल्या संख्येपेक्षा बरोबर दोनने कमी! त्या पाचांपैकी एखादीने आपल्या संख्येला भाग गेला असता, तर या दोनालाही गेला असता. म्हणजे त्या पाचही बाद. शिवाय हिचा कोणताही विभाजक 64 च्या पटीत एक मिळवून येणाराच असतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केलं. त्या ओळीतल्या मूळ संख्या 193, 257, 449, 577, 641. यातली 257 आधीच गळाली. उरलेल्यांत चौथ्याच भागाकाराला बाकी शून्य येते.

खरा आनंद मात्र भागाकार न करता मिळतो. 641 दोन तऱ्हांनी लिहिता येते: 5 × 2⁷ + 1 आणि 5⁴ + 2⁴. पहिलीवरून कळतं, की 641 ने भागताना 5 × 2⁷ म्हणजे उणे एक. त्याचा चौथा घात घेतला की उणेपणा जातो: 5⁴ × 2²⁸ ची बाकी एक. आता दुसरी मांडणी मदतीला येते. तिच्यानुसार 5⁴ म्हणजे उणे 2⁴. तो तिथे ठेवला की उणे 2³² ची बाकी एक उरते. म्हणजेच 2³² + 1 ला 641 ने निःशेष भाग जातो. पाच आणि दोन, एवढ्या दोन अंकांच्या बळावर दहा आकडी संख्या उलगडते.

या कुळात सहावी मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. पहिल्या पाचांचा मान मोठाच. 1796 मध्ये गाउसने पट्टी आणि कंपासने सतरा बाजूंचा नियमित बहुभुज काढता येतो हे दाखवलं, तेव्हा तो आणखी वाढला. तरी माझं मन सहावीतच रमतं. 65537 मूळ आहे हे आपण तपासून मान्य करतो. 4294967297 मूळ का नाही, हे मात्र तीन ओळींत समजतं. फर्माचा अंदाज जिथे चुकला, नेमकं तिथेच गणिताचं सौंदर्य अधिक खुललं आहे.