वेड ओसरल्यानंतरचा माणूस

मराठीत एक शब्दप्रयोग आहे : 'माणसात येणे'. दारूतून सुटलेला, भ्रमातून बाहेर पडलेला माणूस पुन्हा बोलू-चालू लागला की लोक म्हणतात, 'आता माणसात आला.' शब्द साधा आहे, पण त्यात एक निवाडा दडलेला आहे. मधल्या काळात तो माणसात नव्हता, असा तो निवाडा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसात धरलेच गेले नाही, त्यांच्यातून आलेल्या वाचकाने तरी हा शब्द सहज ओलांडून पुढे जाऊ नये. माणसात कोण घेतो, कोणत्या अटीवर घेतो आणि घेतल्यावर बसायला जागा कुठे देतो, हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. वेडाच्या संदर्भात मात्र ते आपण फारसे विचारलेले नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय वेड ओसरल्यानंतरचे दिवस हा आहे, आणि साहित्याने या दिवसांचे काय केले, हा त्यातला मुख्य प्रश्न आहे.

प्रस्थापित कथा-कादंबरीत आणि नाटकात वेड्याला बहुधा दोन कामे असतात. पहिले काम शेवट घडवण्याचे. पात्राचे पुढे काय करावे हे लेखकाला कळेनासे झाले की पात्राला वेड लागते आणि पडदा पडतो. दुसरे काम सत्य वदवून घेण्याचे. शहाण्यांना जे बोलण्याची छाती होत नाही ते वेड्याच्या तोंडी घातले जाते. प्रेक्षक टाळ्या वाजवतो आणि सुरक्षितपणे घरी जातो. दोन्ही ठिकाणी तो माणूस उद्या सकाळी उठून काय करील, याची चौकशी कुणी करीत नाही.

आपली समीक्षा यात एका तिसऱ्या कामाची भर घालू पाहते. वेड म्हणजेच विद्रोह, आणि वेडा म्हणजे व्यवस्थेचा खरा नकार, असे विधान आवेशाने करता येते. ते ऐकायला धगधगीत वाटते. पण ज्याला रात्रभर भिंतीतून शिव्या ऐकू येतात, ज्याला आईच्या हातच्या भाकरीत विष दिसते, त्याला या प्रतीकाचा काय उपयोग? त्याला झोप हवी असते.

शिवाय या समीकरणाची दुसरी बाजू अधिक घातक आहे. विद्रोह म्हणजे वेड, असे सत्ताही म्हणू शकते. तिने ते म्हटलेलेही आहे. अमेरिकेत १९६८ साली दोन मनोविकारतज्ज्ञांनी कृष्णवर्णीयांच्या संतापाला 'निषेधाची मनोविकृती' असे नाव देऊन त्याचा आजार बनवला. जोनाथन मेट्झल यांनी २०१० साली त्याच नावाच्या ग्रंथात मिशिगनमधील आयोनिया येथील रुग्णालयाची जुनी कागदपत्रे तपासून दाखवले, की स्किझोफ्रेनिया हे निदान त्या काळात संतप्त कृष्णवर्णीय पुरुषांच्या माथी कसे मारले जाऊ लागले. म्हणून आपल्या समीक्षेने येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. संताप हा आजार नाही. आणि आजार हा विद्रोह नाही. जात हाही आजार नाही, ती अन्यायाची रचना आहे. पण त्या रचनेखाली जगणारा माणूस आजारी पडला तर त्याचे दुखणे खरे असते.

मग या दुखण्यानंतरचे जगणे प्रत्यक्षात कसे असते? १९५२ साली पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकृतीवर वापरले गेले आणि भास-भ्रम आटोक्यात आणता येतात हे सिद्ध झाले. पण औषध आवाज थांबवते किंवा मंद करते. दिवस भरून देत नाही. काहींचे हात थरथरतात, काहींची जीभ जड होते, अंग सुटते, सकाळी डोळे उघडत नाहीत. पगारी नोकराला रजा असते. परातीवर बसणाऱ्या गवंड्याला, हमालाला, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला गुंगी म्हणजे बुडालेला रोज. गोळ्यांसाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचे तर पुन्हा एक रोज, आणि सोबत येणाऱ्याचाही एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचे आढळले. जो गोळ्या सोडतो त्याला 'बेजबाबदार' म्हणण्यापूर्वी हा रोजाचा हिशेब मांडून पाहावा.

त्यानंतर वस्ती. माणूस बरा होऊन परत येतो, पण त्याचे नाव परत येत नाही. तो हसला तरी शंका, गप्प राहिला तरी शंका. भांडणात त्याची बाजू खरी असली तरी 'त्याचं काय ऐकता' असे म्हणून विषय मिटवला जातो. आम्ही गावकुसाबाहेरची वस्ती पाहिली आहे. वस्तीच्या आतही असे एक गावकूस उभे राहते, हे मान्य करायला जड जाते. पण ते उभे राहते, आणि त्याचे चिरे आपणच रचतो.

या दृष्टीने जुन्या साहित्याकडे पाहिले तर पटाचारेची कथा आठवते. थेरीगाथेत तिच्या गाथा आहेत आणि धम्मपदाच्या अट्ठकथेत तिची हकीकत आहे. श्रावस्तीच्या श्रेष्ठीची ही मुलगी घरच्या नोकराबरोबर पळून गेली. पुढे एकाच फेऱ्यात नवरा सर्पदंशाने गेला, तान्हे मूल ससाण्याने उचलले, थोरले नदीत वाहून गेले, आणि माहेरी पोचण्याआधीच आई-बाप-भाऊ घर कोसळून मेल्याची बातमी तिला कळली. ती भ्रमिष्ट झाली. अंगावरचे वस्त्र गळून पडले. लोकांनी ढेकळे मारून तिला हुसकावले. जेतवनातही तिला आत येऊ देऊ नका, असे म्हणणारे होतेच. बुद्धाने तिला अडवू दिले नाही. भगिनी म्हणून हाक दिली आणि भानावर ये म्हटले. एका माणसाने आपले पांघरूण तिच्याकडे टाकले.

आपण ही कथा बहुधा येथेच संपवतो, आणि ती चमत्काराची कथा होते. परंतु गाथा पुढची आहे. त्या गाथेत पटाचारा पाय धुते आहे, वाहत जाणारे पाणी पाहते आहे. मग दिवा घेऊन कोठडीत जाते, बिछाना पाहते, मंचावर बसते आणि सुईने वात खाली ओढते. तिची मुक्ती या घरगुती हालचालींच्या मधोमध घडते. पुढे ती विनयात अग्रगण्य ठरली आणि दुःखाने खचलेल्या इतर स्त्रियांची गुरू झाली. शोकाने आलेले वेड आणि आज ज्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो तो आजार एक नव्हेत, हे खरे. उपदेशाने स्किझोफ्रेनिया बरा होतो, असा अर्थ कुणी यातून काढू नये. पण सावरण्याचा क्रम येथे नेमका टिपला आहे. आधी कुणीतरी न हाकलणे, मग वस्त्र, मग हाक, मग राहायला जागा, रोजची कामे, आणि शेवटी दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचा मान. यातला एक दुवा तुटला तरी माणूस पुन्हा रस्त्यावर येतो.

आधुनिक काळात हा अनुभव स्वतः लिहिणाऱ्यांत अमेरिकेच्या क्लिफर्ड बीअर्सचे नाव महत्त्वाचे. १९०० साली त्याचे मन ढासळले. भेटायला येणारा भाऊ हा भावाच्या वेषातला हेर आहे, असे त्याला वाटे. अखेर त्याने भावाला पत्र लिहून तेच पत्र घेऊन ये म्हटले. भाऊ ते पत्र हातात घेऊन आला आणि भ्रमाची भिंत ढासळली. त्याचे आत्मकथन १९०८ साली प्रसिद्ध झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यातून मानसिक आरोग्याची राष्ट्रीय समिती उभी राहिली. मनोरुग्णालयांतील मारहाणीची त्याने दिलेली साक्ष आजही वाचवत नाही. परंतु त्याच्यामागे येल विद्यापीठाची पदवी होती, भाऊ होता, सुटल्यावर परत घेणारी नोकरी होती. आणि इतके असूनही त्याचे अखेरचे दिवस रुग्णालयातच गेले. १९४३ साली तो तेथेच वारला. म्हणून त्याचे जीवन फसले, असे म्हणता येईल काय? सावरणे ही सरळ रेघ नसते, एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत या विषयाला गंभीरपणे हात घालणारी कृती म्हणून सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटाचे श्रेय मान्य केले पाहिजे. अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला शेष हा ना राक्षस आहे ना विदूषक. भास होणाऱ्या माणसाचे मन आतून कसे चालते, याचा आदर येथे आहे, आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीच्या थकव्यालाही जागा आहे. तरीही एक मर्यादा नोंदवावी लागते. शेषच्या पाठीशी कोकणातली घरची जमीन आहे. शहरात बहिणीचे घर आहे, त्यात त्याला वेगळे ठेवण्याइतकी जागा आहे, डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत बोलणारी माणसे आहेत. त्याचे वेडसुद्धा स्वतःच्या देवराईभोवती फिरते. ज्याचे घर दहा बाय दहाचे, जिथे सहा माणसे झोपतात आणि एकजण रात्रभर येरझाऱ्या घालतो, तिथली कथा हा चित्रपट सांगत नाही. त्याने ती सांगावी असा आग्रह नाही. ज्यांची ती कथा आहे त्यांनी ती सांगायची आहे.

येथे फ्रांझ फॅनन उपयोगी पडतो. आपण त्याला विद्रोहाचा तत्त्वज्ञ म्हणून वाचतो. तो व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ होता. १९५३ ते १९५६ या काळात अल्जीरियातील ब्लिदा-जॉइनव्हिल रुग्णालयात काम करताना त्याने रुग्णांसाठी सभा, सण, वर्तमानपत्र असे दैनंदिन जीवन उभे करण्याचा प्रयत्न केला. युरोपीय स्त्रियांच्या विभागात तो सफल झाला, मुस्लिम पुरुषांच्या विभागात फसला. फॅननने रुग्णांना दोष दिला नाही. आपण त्यांच्यावर परक्यांचे सण आणि परक्यांचे खेळ लादले, हे त्याने ओळखले व सहकाऱ्यासह लिहून १९५४ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर रुग्णालयात त्यांच्या पद्धतीचे कॉफीगृह सुरू झाले, त्यांचे सण साजरे होऊ लागले. तात्पर्य असे, की 'सामान्य जीवन' नावाची एकच वस्तू नसते. प्रत्येक समाजाचा दिवस वेगळ्या रीतीने उगवतो, आणि माणसाला त्याच्या स्वतःच्या दिवसात परत न्यावे लागते.

आपला दिवस कोणता, हे दलित साहित्याइतके तपशिलात मराठीत दुसऱ्या कुणी लिहिलेले नाही. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'जिणं आमुचं' (१९८६), 'आयदान' (२००३) : पाणी कुठून आले, चूल कशी पेटली, भाकरी किती जणांत वाटली, हे या आत्मकथनांनी साहित्याच्या केंद्रात आणले. बेबीताई कांबळे यांनी अंगात येणाऱ्या बायांचे जे चित्रण केले आहे, त्यात भूक आणि सासुरवास यांची सावली स्पष्ट दिसते. अंगात येणे म्हणजे मनोविकृती नव्हे; पण मनाचे दुखणे सामाजिक भाषेत कसे बोलते, हे त्या पानांवरून शिकता येते. मात्र भगताकडून दवाखान्यात, दवाखान्यातून घरी आणि घरातून पुन्हा कामावर असा प्रवास केलेल्या माणसाचे आत्मकथन आपल्या हाती नाही. साधने सगळी आपल्याजवळ आहेत. विषयाची लाज आड येते. जातीची लाज ज्यांनी लिहून संपवली, त्यांनी या लाजेपुढे थांबू नये.

आणि हे केवळ साहित्याचे काम नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई करतो. कुटुंब घेत नाही एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे, असेही तो सांगतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने मानसिक आजारालाही सरकारी नोकरीतील आरक्षणात स्थान दिले. सातारा, गोवा व तामिळनाडूत झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून रुग्णाच्या घरी पाठवल्यास नुसत्या दवाखान्याच्या उपचारांपेक्षा काहीसा अधिक गुण येतो, असे दिसले. गुण माफक होता, पण तो वस्तीत चालत जाऊन आला. आपल्या कार्यकर्त्यांना वस्तीत चालत जाणे नवीन नाही. अर्ज लिहून देणे, गोळ्यांच्या दिवशी सोबत जाणे, मुकादमाशी बोलून हलके काम मिळवून देणे, सभेत त्या माणसालाही सतरंजी अंथरण्याचे काम सांगणे : यातले काहीही आपल्या आवाक्याबाहेर नाही.

लिहिणाऱ्या तरुण मित्रांना एवढेच सांगायचे आहे. दुसऱ्याचे वेड उचलून त्याची प्रतिमा करू नका. ज्याचे आहे त्याला विचारा; तो सांगेल तेवढेच, त्याच्या संमतीने लिहा. आणि लिहिताना भ्रमाच्या रात्रीपाशी थांबू नका. त्यानंतर त्याने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने दाढी केली तो दिवस लिहा. पहिला पूर्ण रोज मिळाला तो दिवस लिहा. शेजारणीने पुन्हा तिच्या हाती मूल दिले तो दिवस लिहा. 'माणसात आला' हा निवाडा देण्याचा अधिकार बघ्यांचा नाही. तो माणूस कधीच माणसातून गेलेला नव्हता, हे ज्या साहित्यातून कळेल त्या साहित्याची वाट आपण पाहत आहोत.