थाळनेरचा ‘दगा’ : एका शब्दाची चिकित्सा

थाळनेरविषयींच्या सर टॉमस हिस्लॉप याच्या खलित्यांत किल्ल्यावरील शिबंदीनें ‘दगा’ केला असें म्हटलें आहे. हा शब्द साधार आहे काय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

निर्विवाद गोष्टी येणेंप्रमाणें. ६ जानेवारी १८१८ रोजीं झालेल्या मंदसोरच्या तहानें होळकरांनीं खानदेशांतील आपला मुलूख इंग्रजांस दिला. २७ फेब्रुवारी रोजीं हिस्लॉप थाळनेरास आला, तेव्हां किल्लेदार तुळशीराम मामा यानें किल्ला दिला नाहीं. प्रतिकार केल्यास बंडखोर समजूं, अशी ताकीद त्यास मिळाली होती. तोफा चालल्यावर किल्लेदार दिंडीवाटे बाहेर येऊन स्वाधीन झाला. आंतील अरबांशीं बोलणें चालूं असतां कांहीं इंग्रज अंमलदार दिंडींतून आंत शिरले व चकमक उडाली. गॉर्डन व मॅक्ग्रेगर ठार झाले, मरे जखमी झाला. त्यावर फौजेनें सुमारें ३०० माणसांची शिबंदी कापून काढिली, आणि किल्लेदारास फांशीं दिलें.

बोलणें चालूं असतां दोन अंमलदार पडले, ही गोष्ट आम्ही लहान समजत नाहीं. परंतु दगा म्हणावयास आधीं करार पुरा झालेला असावा लागतो. अरबांशीं तो झाल्याचें खलित्यावरून सिद्ध होत नाहीं. झाला होता असें मानिलें, तरी त्या वेळीं किल्लेदार इंग्रजांच्या हातांत होता. त्या कृत्यांत त्याचें अंग होतें कीं नव्हतें, हें खुद्द हिस्लॉपनेंच अनिर्णित ठेवून बंडाच्या आरोपावर फांशीचें समर्थन केलें. १८१९ त पार्लमेंटनें फौजेचे आभार मानिले, पण ते या फांशीस संमति समजूं नये असेंहि स्पष्ट केलें.

याच्याशीं मालेगांव ताडून पाहावें. जून १८१८ त तेथील अरबांनीं जिवाच्या अभयाचा लेख मागून घेतला. तो मराठींत होता, आणि त्यांतील शब्दांचा अर्थ इंग्रजांच्या मनांतील शर्तींहून उदार निघाला; तरीहि तो अरबांच्या बाजूनेंच लाविला गेला. तेथें एका कागदानें माणसें वांचलीं.

थाळनेर, शिरपूर, अमळनेर, एरंडोल येथील जुन्या घरांतले मोडी रुमाल सोडतांना संग्राहकांनीं १८१८ चे कागद वेगळे काढावे, ही आमची विनंति. दुसरी बाजू पुढें येईपर्यंत ‘दगा’ हा शब्द हिस्लॉपच्या नांवावरच लिहावा. आपल्या नांवावर लिहूं नये.