क्वेरी मोठ्याने वाचून पाहा

एसक्यूएलला भाषा म्हणायचं, तर तिच्यात लिहिलेल्या मजकुराची समीक्षाही व्हायला हवी. १९७४मध्ये आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती मांडली, तेव्हा तिचं नाव 'सीक्वेल' होतं आणि त्यातला पहिला 'ई' इंग्लिशचा होता. प्रोग्रामिंग न शिकलेल्या माणसालाही डेटाला प्रश्न विचारता यावेत, ही त्यामागची इच्छा. आज प्रोग्रामरच दुसऱ्याची क्वेरी वाचायला कंटाळतात.

थोडा दोष भाषेचाही आहे. काय हवंय ते आधी (सिलेक्ट), कुठून ते नंतर (फ्रॉम), कोणत्या अटीवर ते त्यानंतर (व्हेअर). अर्थ मात्र फ्रॉमपासून लावावा लागतो. मराठीत आपण सरळ म्हणतो, 'या तक्त्यातल्या कालच्या नोंदींचे दर दाखव.' क्रियापद शेवटी. १९९९च्या मानकात आलेल्या 'विथ'मुळे क्वेरीही बरीचशी अशी लिहिता येते: आधी एकेका पायरीला नाव द्यायचं, शेवटी उत्तर मागायचं.

माझी मोठी तक्रार मात्र ओआरएमच्या सुबक ओळींबद्दल आहे. नाशिककराला उदाहरण कांद्याचंच सुचणार. आकडे सोपे घेऊ. समजा, लासलगावात १० क्विंटल कांदा क्विंटलला १००० रुपयांनी गेला आणि ९० क्विंटल २००० रुपयांनी. कोडमध्ये 'दराची सरासरी' एवढंच लिहिलं, तर उत्तर येतं १५००. वजन धरून काढलं, तर १९००. चुकीच्या उत्तरानेही पान झटकन उघडतं, आणि रिव्ह्यू करणारा 'छान' म्हणून पुढे जातो. ती ओळ वाचनीय वाटते, कारण तिच्यात वाचण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. तिकडे एखादा शेतकरी मोबाईलवर १५०० बघून ठरवतो की कांदा अजून चाळीतच राहू दे.

म्हणून ओआरएम फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. एखादी नोंद शोधायला, बदलायला ते उत्तमच. पण क्वेरी जिथे हिशोब मांडते, तिथे तो हिशोब उघडा दिसला पाहिजे. 'टी१', 'टी२'ऐवजी 'आवक', 'दिवसाची_उलाढाल' अशी नावं हवीत. चार ओळी वाढल्या तरी चालेल.

वाचनीयतेची माझी कसोटी साधी आहे. क्वेरी मराठीत मोठ्याने वाचावी, समोर कोड न येणारा पण बाजार समिती कोळून प्यायलेला माणूस असावा. 'अहो, यात वजन कुठे धरलंय?' असं त्याला मध्येच विचारता आलं, तर ती क्वेरी नीट लिहिलेली आहे.