बोली-संशोधनाची पूर्वनोंदणी : प्रपत्राविषयी काही विचार

१

सामग्री हाती येण्यापूर्वी अभ्यासाचा प्रश्न, अपेक्षित उत्तर आणि छाननीचे नियम तारखेनिशी लिहून त्रयस्थाकडे ठेवणे, यास पूर्वनोंदणी म्हणतात. वैद्यकात ही प्रथा आपल्याकडेही रुळली आहे. औषधोपचारांच्या चाचण्यांची भारतीय नोंदवही २००७ साली उघडली गेली व २००९ पासून तीत नोंद करणे सक्तीचे झाले. मानसशास्त्रात या प्रथेची निकड २०१५ साली विशेषेकरून जाणवली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका सामूहिक उपक्रमात पूर्वी छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले असता, संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरणारा निष्कर्ष त्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांतच पुन्हा मिळाला. पूर्वनोंदणीची तयार प्रपत्रे आता भाषाविज्ञानातही येऊ लागली आहेत. ती जशीच्या तशी उचलावीत, की बोली-संशोधनासाठी निराळे प्रपत्र घडवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

परभणीस हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शेतीप्रयोगाची शिस्त अशी की, कोणत्या वाफ्यास कोणते खत द्यावयाचे हे पेरणीपूर्वीच चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवावे लागते. पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ सालच्या ग्रंथापासून ही शिस्त आपल्या कृषिसंशोधकांच्या अंगवळणी पडलेली आहे. कापणीनंतर भरघोस आलेले वाफे तेवढे निवडून त्यांचेच उत्पन्न सांगणाऱ्यास कोणी संशोधक म्हणणार नाही. बोलीच्या अभ्यासात मात्र असे प्रकार राजरोस चालतात. अनेक गावांतील संभाषणांतून मनाजोगी वाक्ये वेचली जातात आणि ती कोणत्या नियमाने वेचली हे वाचकास कळत नाही.

२

पीएच.डी.चा आराखडा ही वस्तुतः एक प्रकारची पूर्वनोंदणीच होय. ती निष्फळ ठरते याचे एक कारण तिच्या एका मथळ्यात आहे. तो मथळा म्हणजे 'गृहीतके'. गृहीत म्हणजे मानून चाललेले. त्याची सिद्धता कोणी मागत नाही. ज्या इंग्रजी संज्ञेसाठी हा शब्द योजला जातो, तिचा आशय याच्या नेमका उलट आहे. पारखण्यासाठी मांडलेले आणि खोटे ठरू शकेल असे विधान तेथे अभिप्रेत आहे. त्यासाठी 'परिकल्पना' हा शब्द मराठीत उपलब्ध असता आपण 'गृहीतके' लिहितो, आणि शब्दाप्रमाणेच मजकूर येतो. 'या भागातील बोली समृद्ध आहे', 'बोलीवर उर्दूचा प्रभाव आहे' अशी विधाने पहिल्या प्रकरणात मांडली जातात व शेवटच्या प्रकरणात सर्व गृहीतके सिद्ध झाल्याचा निर्वाळा दिला जातो. जे गृहीतच धरले ते सिद्ध न होईल तर काय! यास्तव प्रपत्रातील हा मथळा काढून त्या जागी एक साधा प्रश्न घालावा : 'काय आढळले असता मी माझे म्हणणे मागे घेईन?'

३

प्रपत्र कसे असावे, याचा धडा आपल्या विषयाच्या इतिहासातही आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात प्रत्येक बोलीसाठी तीन गोष्टी मागविल्या होत्या : बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचा अनुवाद, स्थानिक कथा वा निवेदनाचा एक उतारा, आणि २४१ शब्दांची व वाक्यांची ठरीव यादी. मराठीचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. या योजनेत बंधन व मोकळीक यांची जी सांगड घातली आहे, ती आजही वाखाणण्यासारखी आहे. अनुवाद व यादी यांमुळे तुलना शक्य झाली. स्थानिक उताऱ्यामुळे बोलीस स्वतःचे काही सांगण्यास जागा मिळाली. तथापि तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. अनुवादात मूळ वाक्यरचनेची छाया पडते. यादीवरून एखादे रूप बोलीत आहे एवढे समजते. ते कोण, केव्हा व किती वेळा वापरतो, हे समजत नाही. शिवाय निजामाचे हैदराबाद संस्थान या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर होते. त्यामुळे तेव्हा त्या संस्थानात असलेल्या परभणीच्या बोलीचे नमुने त्यात गोळा झाले नाहीत. जेथे आधीचे वर्णन तोकडे असते, तेथे नवे वर्णन दीर्घकाळ प्रमाण मानले जाते, आणि त्यातील चूकही तितकाच काळ टिकते.

४

एक उदाहरण घेऊ. परभणीकडील बोलण्यात 'मी जायलो', 'काय करायलास' अशी चालू क्रिया दाखविणारी रूपे सर्रास ऐकू येतात. शिकलेल्या तरुणांत ती मागे पडून 'जातोय', 'करतोयस' ही रूपे येत आहेत काय, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने घेतला असे समजू. पहिली अडचण मोजणीची. 'तो जायला' हे चालू क्रियेचे रूप आहे. परंतु 'तो जायला निघाला' यातील 'जायला' निराळे. बोलण्याच्या ओघात पुढील क्रियापद गळले वा ऐकू आले नाही, तर ते उदाहरण कोणत्या रकान्यात घालावयाचे? हे आधी ठरविले नाही, तर प्रत्येक संदिग्ध उदाहरण अपेक्षित निष्कर्षाच्या बाजूस झुकते. यात अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. कान मनाच्या मागे जातो, इतकेच.

दुसरी अडचण ऋतूची. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी अनेक गावांतील कर्ती माणसे बाहेर पडतात. पौष-माघात गेलेल्या संशोधकास वृद्ध, मुले व शिक्षक अधिक भेटतील, आणि म्हातारे एक बोलतात व शाळकरी दुसरे, असा देखणा निष्कर्ष हाती येईल. मधली पिढी त्याने ऐकलेलीच नसेल. तिसरी अडचण मध्यस्थाची. सरपंच वा गुरुजी शेजारी बसले असता माणूस 'जायलो' म्हणेलच असे नाही.

प्रयोगशाळेसाठी घडविलेल्या प्रपत्रात ऋतू व मध्यस्थ यांना रकाना नसतो. तेथे प्रयोगाची परिस्थिती संशोधक स्वतः निर्माण करतो. त्या प्रपत्रातील दोन प्रश्न मात्र आपण अवश्य घ्यावेत : सामग्री गोळा करणे कोठे थांबविणार, आणि कोणती सामग्री कोणत्या कारणाने वगळणार. त्यांस चार प्रश्नांची जोड द्यावी : कोणत्या महिन्यात जाणार, गावात कोणाच्या ओळखीने शिरणार, स्वतः कोणती बोली बोलणार, आणि संदिग्ध रूपांचा निवाडा कोणत्या नियमाने करणार.

५

यावर आक्षेप येईल की, क्षेत्रकार्यात जे मोलाचे सापडते ते बहुधा न योजलेले असते. आधीच लिहून दिल्यास दृष्टी बांधली जाईल. आक्षेप रास्त आहे, परंतु तो पूर्वनोंदणीचा अर्थ चुकीचा घेतो. नोंदणी म्हणजे शपथ नव्हे. योजना बदलावी, मात्र बदल केव्हा व का केला, हे तारखेसह त्याच प्रपत्रास जोडावे, आणि प्रबंधात योजलेले निष्कर्ष व वाटेत सापडलेले निष्कर्ष वेगळे मांडावेत. दुसऱ्या प्रकारचे निष्कर्ष कमी प्रतीचे नव्हेत. त्यांची पारख अद्याप व्हावयाची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

खरी अडचण निराळीच आहे. परिकल्पना ढासळली तर प्रबंध नापसंत होईल, ही भीती विद्यार्थ्याच्या मनात घर करून असते आणि ती अगदीच निराधार नसते. ती भीती असेतोवर कोणतेही प्रपत्र दिले, तरी त्यात न ढासळणारीच विधाने भरली जातील. म्हणून प्रपत्राचे अखेरचे कलम विद्यार्थ्यासाठी नसून मार्गदर्शक व विभाग यांच्यासाठी असावे. नोंदविलेल्या रीतीने काम झाले असेल, तर उत्तर 'नाही' आले म्हणून प्रबंध परत पाठविला जाणार नाही, अशी लेखी हमी त्या कलमात असावी आणि तिच्याखाली मार्गदर्शकाची व विभागप्रमुखांची स्वाक्षरी विद्यार्थी गावी निघण्यापूर्वीच झालेली असावी.