कुकरची रिंग आणि एकलहऱ्याची वाफ

नाशिकच्या एका शालेय विज्ञान प्रदर्शनात आम्ही एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राची प्रतिकृती पाहिली. बॉयलर, टर्बाइन, जनित्र, सारे नेटके होते. नळ्यांचे सांधेही दाखवले होते; ते सहसा कोणी दाखवत नाही. सांध्यापाशी मात्र चिठ्ठी होती : 'येथे कुकरसारखी रबरी रिंग असते.' मुलांना दोष देता येत नाही. वर्गात आपणच ही उपमा देतो. आमचा आक्षेप त्या उपमेवर आहे.

कुकरमधली वाफ सुमारे 120 अंश सेल्सिअसची, तर एकलहऱ्याच्या 210 मेगावॅटच्या संचात टर्बाइनकडे जाणारी सुमारे 540 अंशांची. तेथे रबर टिकणार नाही, हे मुलेही सांगतील. खरी चूक बलाच्या दिशेत आहे. आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरात वाफच झाकणाला कडेवर दाबते. दाब वाढेल तसा सांधा घट्ट होतो. बोल्टने जोडलेल्या दोन फ्लँजांत नेमके उलटे घडते. समजा, नळीचा आतला व्यास 20 सेंटिमीटर आहे आणि वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 40 किलो आहे. क्षेत्रफळ 314 चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेबारा टनांचे बल फ्लँजांना एकमेकांपासून दूर ढकलते. बोल्ट किंचित ताणले जातात, उष्णतेने थोडे सैलही पडतात. तेव्हा गॅस्केटने उसळून ती फट भरायला हवी.

म्हणून अशा ठिकाणी स्पायरल वाउंड गॅस्केट वापरतात. 'व्ही' अक्षरासारखा छेद असलेली स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी, मऊ ग्राफाइटच्या पट्टीसह, घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते. पोलाद उसळते, ग्राफाइट फ्लँजवरचे बारीक ओरखडे बुजवते. (अतिउच्च दाबाच्या मुख्य नळ्या बहुधा वेल्डच करतात. फ्लँज लागतात ते जेथे पुन्हा उघडावे लागते तेथे.) प्रतिकृतीत या कमानीला जागा नव्हती, आणि परीक्षकांनीही ती विचारली नाही, हे आम्हांला अधिक खटकले.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ओळख असेल तर एखादे न वापरलेले, ग्राफाइटचे गॅस्केट मागून आणावे. करवतीने कापले की 'व्ही' डोळ्यांनी दिसतो. भंगारातले जुने मात्र कापू नये; पूर्वी ग्राफाइटच्या जागी ॲस्बेस्टॉस भरत, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.