‘नकारा’ निकालाचे पुनर्वाचन : पेन्शनचा हक्क कुठवर पोहोचला?

सामाजिक सुरक्षेचा कायदा शिकताना ‘डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार’ हा निकाल तुमच्यासमोर येतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो १७ डिसेंबर १९८२ रोजी दिला. पेन्शनरांच्या संघटना आजही हा दिवस ‘पेन्शनर दिन’ म्हणून पाळतात. निकालाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. या टिपणात आपण वेगळा प्रश्न विचारू. लाभाबाबतच्या सरकारी निर्णयाला आव्हान देणाऱ्याच्या हाती या निकालाने नेमके काय दिले आणि काय दिले नाही?

वाद काय होता?

केंद्र सरकारने २५ मे १९७९ च्या कार्यालयीन ज्ञापनाने नागरी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचे सूत्र अधिक उदार केले. मात्र नवे सूत्र ३१ मार्च १९७९ रोजी सेवेत असलेल्या आणि त्या दिवशी किंवा नंतर निवृत्त होणाऱ्यांनाच लागू होते. सशस्त्र दलांसाठीही अशीच तारीख ठरली. समजा, एकाच पदावरचे, सारख्याच सेवेचे दोघे आहेत. एक ३० मार्चला निवृत्त झाला, दुसरा ३१ मार्चला. पहिल्याला जुनी पेन्शन, दुसऱ्याला वाढीव.

निकालाचा गाभा

न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिलेला युक्तिवाद अनुच्छेद १४ वर उभा आहे. वर्गीकरणाला समंजस आधार हवा आणि त्या आधाराचा योजनेच्या उद्देशाशी संबंध हवा. वाढत्या महागाईत वृद्धांना आधार देणे हा उद्देश असेल, तर आधी निवृत्त झालेल्यांना वगळण्याचे कारण उरत नाही.

उपाय त्याहून लक्षणीय आहे. न्यायालयाने संपूर्ण योजना रद्द केली असती, तर कुणालाच काही मिळाले नसते. त्याऐवजी लाभ अडवणारे शब्दच काढून टाकले. जुन्या पेन्शनरांनाही नवे सूत्र लागू झाले. त्या तारखेपूर्वीची थकबाकी मात्र मिळाली नाही. याचिका करताना ‘काय मागायचे’ हे ‘का मागायचे’ इतकेच महत्त्वाचे असते, हे इथे शिकावे.

मर्यादा

पेन्शन ही कृपा नव्हे, हा विचार न्यायालयाने १९७१ च्या ‘देवकीनंदन प्रसाद’ निकालातच मांडला होता. ‘नकारा’ने त्याला कल्याणकारी राज्याच्या भव्य भाषेची जोड दिली. पण ही भाषा प्रत्यक्ष निर्णयापेक्षा बरीच रुंद आहे, आणि तिथेच वाचक फसतो. ‘कृष्णकुमार’ (१९९०) खटल्यात भविष्य निर्वाह निधी घेतलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना न्यायालयाने पेन्शनरांच्या वर्गात धरले नाही. १९९१ मध्ये माजी सैनिकांच्या खटल्यातही ‘नकारा’चा अर्थ मर्यादितच ठेवला.

याहून मोठी उणीव युक्तिवादातच आहे. समानतेचा मुद्दा मांडायला तुलनेसाठी दुसरा माणूस लागतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन योजनेत ६० ते ७९ वयाच्या लाभार्थ्यासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. हा वाटा सर्वांसाठी सारखाच अपुरा आहे. इथे रेषा कुठे ओढली आहे की ती पुसून टाकावी? ज्या राबणाऱ्या वृद्धेकडे सेवापुस्तिकाच नाही, तिच्यापर्यंत ‘नकारा’ची भाषा पोहोचते, उपाय पोहोचत नाही.

शिवाय तिची अडचण बहुधा नियमाची नसून अंमलबजावणीची असते: पैसे उशिरा येतात, किंवा नोटीस न देताच यादीतून नाव गळते. अशा वेळी उपयोगी पडणारे आधार वेगळे आहेत. ‘पीयूसीएल’ खटल्यातील २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने वृद्धापकाळ पेन्शन दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत देण्यास राज्यांना सांगितले. नाव वगळण्यापूर्वी कारण सांगावे, म्हणणे ऐकावे, ही मागणी नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वावर उभी राहते. त्यासाठी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते.

निष्कर्ष

‘नकारा’ अन्याय्य रेषा पुसण्याचे उत्तम साधन आहे. रक्कम वाढवण्याचे किंवा बंद झालेला लाभ परत मिळवण्याचे ते साधन नाही. म्हणून निकाल उद्धृत करण्यापूर्वी तक्रार कशाची आहे ते आधी ठरवा: रेषेची, रकमेची की वगळण्याची?

स्वाध्याय

१. न्यायालयाने योजना रद्द न करता केवळ काही शब्द का वगळले?
२. लाभ सर्वांनाच सारखा अपुरा असेल, तर अनुच्छेद १४ ऐवजी कोणता आधार घेता येईल? अनुच्छेद २१ व ४१ वाचून चर्चा करा.